महासंकटाच्या आधी की नंतर? ‘रॅप्चर’च्या वेळेचा वाद समजून घेताना

सप्टेंबर २०२५मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका प्रचारकाची मुलाखत समाजमाध्यमांवरून जगभर फिरली. येशू ख्रिस्त २३ किंवा २४ सप्टेंबरला आपल्या लोकांना पृथ्वीवरून उचलून नेणार आहे, हे आपल्याला दर्शनात कळले, असा त्याचा दावा होता. यहुद्यांचा कर्णे वाजवण्याचा सण त्याच दिवसांत येत असल्यामुळे अनेकांना त्यात तथ्य वाटले. कोणी मोटार विकल्याचे सांगितले, कोणी नोकरी सोडल्याचे, तर कोणी मागे राहणाऱ्या नातलगांसाठी सूचना लिहून ठेवल्याचे. दोन्ही दिवस नेहमीसारखे उजाडले आणि मावळले, आणि मग थट्टेला ऊत आला.

या गदारोळात दोन निरनिराळ्या गोष्टी एक होऊन गेल्या. तारीख सांगणारे लोक ही एक गोष्ट; आणि ‘रॅप्चर’, म्हणजे ख्रिस्ताने आपल्या लोकांना असे उचलून नेणे, नेमके केव्हा होणार, यावर ख्रिस्ती अभ्यासकांमध्ये जवळजवळ दोनशे वर्षे चाललेला वाद ही दुसरी. हा वाद तारखेचा नाही. ‘त्या दिवसाविषयी व त्या घटकेविषयी पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही’ या अर्थाचे येशूचे वचन मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे (२४:३६) आणि वादातील सर्व पक्षांना ते मान्य आहे. वाद आहे तो क्रमाचा, म्हणजे शेवटच्या काळातील घटनांपैकी ही घटना कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर, याचा. पण क्रमाचा वादही वरवरचाच आहे, असे मला वाटते. त्याच्या तळाशी एक वेगळाच प्रश्न दडलेला आहे आणि तो हाती लागल्याशिवाय दोन्ही बाजूंचे विद्वान एकाच बायबलातून उलटसुलट निष्कर्ष कसे काढतात, हे उमगत नाही.

मुळात ही कल्पना आली कोठून?

इसवी सन ५०च्या सुमारास प्रेषित पौलाने ग्रीसमधील थेस्सलनीका शहरातील नवख्या ख्रिस्ती मंडळीला एक पत्र लिहिले. (‘मंडळी’ म्हणजे विश्वासणाऱ्यांचा समुदाय, कॅथलिक परंपरेत याला ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात.) तेथील लोकांना एक चिंता लागून राहिली होती. ख्रिस्त लवकरच परत येणार, असे त्यांना शिकवले होते, परंतु दरम्यान त्यांच्यातील काही जण मरण पावले होते. प्रभू येईल तेव्हा हे मेलेले लोक त्या सोहळ्याला मुकणार काय?

पौलाचे उत्तर चौथ्या अध्यायाच्या शेवटी आहे. प्रभू स्वतः स्वर्गातून उतरेल, देवाचा कर्णा वाजेल, ख्रिस्तात मेलेले आधी उठतील. आणि मग जे जिवंत उरले असतील ते त्यांच्यासह मेघांमध्ये वर घेतले जाऊन अंतराळात प्रभूला भेटतील. शेवटी तो म्हणतो, ‘या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा.’ पौल येथे वेळापत्रक आखून देत नव्हता. शोकात असलेल्या माणसांना तो धीर देत होता. आजही जगभरच्या अनेक मंडळ्यांत दफनविधीच्या वेळी हा उतारा वाचतात.

‘वर घेतले जाणे’ यासाठी जुन्या लॅटिन बायबलात जे क्रियापद आले, त्यावरून इंग्रजीत ‘रॅप्चर’ हा शब्द रुळला. मराठी मंडळ्यांमध्ये ‘मंडळीचे उचलले जाणे’ असे म्हणतात. तरुण मुले सरळ रॅप्चरच म्हणतात. असे काही होणार, हे बायबल मानणाऱ्या बहुतेक सर्व परंपरांना मान्य आहे. प्रश्न पुढचा आहे.

सात वर्षे आणि हजार वर्षे

वाद समजण्यासाठी दोन कालखंड लक्षात ठेवले की पुरे.

पहिला ‘महासंकट’, म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरागमनापूर्वी येणारा अभूतपूर्व छळाचा आणि आपत्तींचा काळ. हा काळ सात वर्षांचा, असे मानणारे दानीएलाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायाकडे बोट दाखवतात. तेथे इस्राएलासाठी सत्तर ‘सप्तके’ ठरवली असल्याचे म्हटले आहे. एक सप्तक म्हणजे सात वर्षे धरली, तर एकूण ४९० वर्षे होतात. त्यांपैकी एकोणसत्तर सप्तके येशूच्या काळापर्यंत संपली आणि सत्तरावे अजून यायचे आहे, असा हा हिशेब आहे. बायबलातील शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकात बेचाळीस महिने आणि १,२६० दिवस असे उल्लेख येतात. ते साडेतीन वर्षांचे, म्हणजे या सप्तकाच्या अर्ध्या भागाचे मानले जातात. याच काळात ‘ख्रिस्तविरोधक’ नावाचा जुलमी सत्ताधीश प्रकट होईल, अशी शिकवण आहे. एकोणसत्तराव्या आणि सत्तराव्या सप्तकामध्ये दोन हजार वर्षांची फट कशी काय पडली, असे वाचकाच्या मनात आले असेल, तर ती शंका रास्त आहे आणि पुढे तिच्याकडे यायचे आहे.

दुसरा कालखंड ‘हजार वर्षांचे राज्य’. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात ख्रिस्त हजार वर्षे राज्य करील, असे म्हटले आहे. ही हजार वर्षे अक्षरशः घ्यायची आणि ती ख्रिस्ताच्या येण्यानंतर सुरू होतील असे मानायचे, तरच रॅप्चरच्या वेळेचा वाद उभा राहतो. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने ही हजार वर्षे म्हणजे सध्याचाच मंडळीचा काळ, असा अर्थ लावला आणि पाश्चात्त्य ख्रिस्ती जगाने तो पुढे शतकानुशतके मानला. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि जुन्या प्रॉटेस्टंट परंपरांमध्ये म्हणूनच हा वाद फारसा ऐकू येत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद ६७५ तर सरळ सांगतो की ख्रिस्ताच्या येण्यापूर्वी ख्रिस्तसभेला एका अंतिम परीक्षेतून जावे लागेल. त्या परंपरेत संकटाआधी सुटका होण्याची भाषाच नाही.

घोड्यावरून पडलेला पाळक

महासंकटाच्या आधीच मंडळी उचलली जाईल, या मताला सुसंगत रूप देण्याचे श्रेय (विरोधकांच्या मते दोष) जॉन नेल्सन डार्बी यांना दिले जाते. १८०० साली लंडनमध्ये जन्मलेले डार्बी डब्लिनमध्ये शिकले, वकिलीची सनद मिळवून त्यांनी ती सोडली आणि आयर्लंडमधील विक्लो परगण्यात ते अँग्लिकन पाळक झाले. १८२७च्या सुमारास घोड्यावरून पडून त्यांच्या पायाला मोठी दुखापत झाली. अंथरुणाला खिळलेल्या त्या महिन्यांत बायबल, विशेषतः यशयाचे पुस्तक, वाचताना त्यांच्या मनात एक विचार पक्का झाला. यशयाच्या बत्तिसाव्या अध्यायात इस्राएल राष्ट्राला पृथ्वीवरच्या शांतीची आणि समृद्धीची जी वचने दिली आहेत, ती मंडळीला दिलेली नाहीतच. मंडळीचा वाटा स्वर्गीय आहे आणि इस्राएलाचा ऐहिक. देवाच्या योजनेत हे दोन वेगळे लोक आहेत.

आधीच्या बहुतेक धर्मशास्त्र्यांनी इस्राएलाला दिलेली वचने ख्रिस्ताद्वारे मंडळीकडे आली, असे मानले होते. डार्बींनी तो दुवाच तोडला. १८३०च्या दशकाच्या आरंभी लेडी पॉवर्सकोर्ट यांच्या विक्लोमधील वाड्यावर भविष्यवचनांच्या अभ्यासासाठी परिषदा भरत. तेथे या विचारांवर खल झाला. पुढे डार्बी अँग्लिकन मंडळीतून बाहेर पडले आणि ‘प्लिमथ ब्रदरेन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चळवळीचे एक नेते बनले. १८६२ ते १८७७ या काळात त्यांनी उत्तर अमेरिकेचे अनेक दौरे केले, आणि या विचाराने खरे मूळ धरले ते तेथे.

मूळ धरण्याचे एक कारण छापखान्यात सापडते. सायरस स्कोफील्ड या अमेरिकी पाळकाने टीपांसहित बायबल तयार केले आणि १९०९ साली ते ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले. वर शास्त्रवचन आणि त्याच पानावर खाली डार्बींच्या धाटणीचा अर्थ, अशी त्याची मांडणी होती. रोज तेच पान वाचणाऱ्या साध्या माणसाच्या मनात वचन कोठे संपते आणि टीप कोठे सुरू होते, ही सीमा हळूहळू पुसट होत गेली. एखादे मत पसरवण्याचा याहून परिणामकारक मार्ग मला तरी माहीत नाही. १९२४ साली स्थापन झालेल्या डॅलस येथील धर्मशास्त्र महाविद्यालयाने पुढे या मताला विद्वत्तेचे बळ दिले, आणि १९७०नंतरच्या लोकप्रिय पुस्तकांनी व कादंबऱ्यांनी ते घराघरांत पोहोचवले.

‘आधी’ म्हणणाऱ्यांची बाजू

या मताची थट्टा करणे सोपे आहे. त्यामागचे युक्तिवाद मात्र तितके तकलादू नाहीत.

पहिला मुद्दा क्रोधाचा. महासंकट म्हणजे देवाचा क्रोध ओतला जाण्याचा काळ, आणि थेस्सलनीकाकरांच्या त्याच पत्रात पौल म्हणतो की देवाने आपल्याला क्रोधासाठी नेमलेले नाही (५:९). प्रकटीकरण ३:१०मध्ये फिलदेल्फिया येथील मंडळीला, सर्व जगावर येणाऱ्या परीक्षेच्या घटकेपासून मी तुला राखीन, असे वचन आहे. ‘घटकेपासून’ राखणे म्हणजे त्या वेळेत असूच न देणे, असा अर्थ हे लोक लावतात. प्रकटीकरणाच्या पहिल्या तीन अध्यायांत मंडळ्यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो आणि संकटांचे वर्णन सुरू झाल्यावर पृथ्वीवरील मंडळीचे नावही येत नाही, याकडेही ते लक्ष वेधतात.

दुसरा मुद्दा अनपेक्षितपणाचा. ‘जागे राहा’ असे येशू वारंवार सांगतो. आधी सात वर्षांचे संकट यायचेच असेल, तर संकट सुरू झाल्यावर कोणीही बोटे मोजून शेवटचा दिवस काढू शकेल. मग ‘तो दिवस कोणालाही ठाऊक नाही’ या वचनाला अर्थ काय उरला?

तिसरा मुद्दा लोकांमध्ये कमी चर्चिला जातो, पण तर्काच्या दृष्टीने मला तोच सर्वांत वजनदार वाटतो. हजार वर्षांच्या राज्यात लोक जन्म घेतील, मरतील आणि शेवटी काही जण बंडही करतील, असे प्रकटीकरण आणि यशया यांच्या एकत्रित वाचनातून दिसते. महासंकटाच्या अगदी शेवटी सर्व विश्वासणारे अमर शरीर धारण करून वर गेले आणि अविश्वासणाऱ्यांचा न्याय झाला, तर मर्त्य शरीराने त्या राज्यात शिरणार कोण? रॅप्चर सात वर्षे आधी झाले असेल, तर मधल्या काळात नव्याने विश्वास ठेवलेले लोक त्या राज्याची पहिली प्रजा ठरतात, आणि गणित जुळते.

‘नंतर’ म्हणणाऱ्यांची बाजू

विरुद्ध पक्षाचा आधार मुख्यतः तीन उताऱ्यांवर आहे. मत्तय २४:२९-३१मध्ये येशू म्हणतो की ‘त्या दिवसांतील संकटानंतर’ मनुष्याचा पुत्र येईल आणि कर्ण्याच्या नादाबरोबर देवदूत त्याच्या निवडलेल्यांना गोळा करतील. थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रात, प्रभूचे येणे आणि ‘आपले त्याच्याजवळ एकत्र होणे’ यांविषयी बोलताना पौल बजावतो की अनीतिमान पुरुष (म्हणजे ख्रिस्तविरोधक) प्रकट झाल्याशिवाय तो दिवस येणार नाही (२:१-३). आणि करिंथकरांच्या पहिल्या पत्रात हे रूपांतर ‘शेवटचा कर्णा’ वाजताना होईल, असे आहे. हे तिन्ही उतारे सरळ वाचले, तर मंडळी संकटातून जाते आणि शेवटी तिची सुटका होते, असे चित्र उभे राहते. ख्रिस्ताचे येणे एकच आहे. एकदा गुपचूप आणि एकदा उघड, असे दोन टप्पे त्यात नाहीत.

मग वर उचलून पुन्हा लगेच खाली यायचे, याला काय अर्थ, असा प्रश्न त्यांना विचारला जातो. त्याचे उत्तर मराठी वाचकाला चटकन कळण्यासारखे आहे. आपल्याकडे सीमांतपूजनाला वधूपक्षाची माणसे गावाच्या वेशीपर्यंत जातात, वराचे स्वागत करतात आणि त्याला घेऊन गावात परत येतात. वेशीवर जाणे म्हणजे गाव सोडणे नव्हे. पौलाने ‘भेटणे’ यासाठी योजलेला ग्रीक शब्द नव्या करारात आणखी दोनच प्रसंगी येतो: मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात दहा कुमारी वराला सामोऱ्या जातात तेव्हा, आणि प्रेषितांची कृत्ये २८:१५मध्ये रोमचे बंधू पौलाला भेटायला वाटेवर येतात तेव्हा. त्या बंधूंनी पौलाला भेटून त्याच्यासोबत रोमचीच वाट धरली. अंतराळातील भेटही तशीच, असे ‘नंतर’वाले म्हणतात.

‘आधी’वाल्यांकडे याचे उत्तर तयार असते. योहान १४मध्ये येशू म्हणतो की मी तुमच्यासाठी जागा तयार करायला जातो आणि पुन्हा येऊन तुम्हाला आपल्याजवळ घेईन. त्यांच्या मते हे सीमांतपूजन नसून वधूला घेऊन निघालेली वरात आहे, आणि ती पित्याच्या घरी जाते. केवळ एका शब्दाच्या बळावर दिशा ठरवता येत नाही, हे त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते. पण तो शब्द ‘नंतर’च्या बाजूने झुकतो, हेही नाकारता येत नाही.

क्रोधाच्या मुद्द्यावर ‘नंतर’वाले देवाचा क्रोध आणि जगाने केलेला छळ यांत भेद करतात. मिसर देशावर पीडा आल्या तेव्हा इस्राएल लोक तेथेच होते, तरी ते राखले गेले. योहान १७:१५मध्ये तर येशूची प्रार्थनाच अशी आहे की तू यांना जगातून काढून घ्यावेस असे नाही, तर दुष्टापासून राखावेस. आणि येथे ‘राखणे’ यासाठीची ग्रीक शब्दरचना प्रकटीकरण ३:१०मध्ये आहे तीच आहे. ‘कोणत्याही क्षणी’ या युक्तिवादावर त्यांचा साधा सवाल असतो: पेत्राला तर येशूनेच सांगितले होते की तू म्हातारा होशील आणि मग तुझा अंत होईल (योहान २१). मग पेत्र जिवंत असताना रॅप्चर कोणत्याही क्षणी होणे कसे शक्य होते? हजार वर्षांच्या राज्यातील प्रजेच्या प्रश्नावर मात्र त्यांची उत्तरे एकसारखी नाहीत आणि काही ओढूनताणून दिलेली वाटतात.

विसाव्या शतकात ही बाजू सर्वांत प्रभावीपणे मांडली ती जॉर्ज एल्डन लॅड यांनी, १९५६ साली. हजार वर्षांचे राज्य भविष्यात आहे, हे लॅड मानत. तरी संकटाआधीचे रॅप्चर त्यांना बायबलात सापडत नव्हते. त्यामुळे ‘नंतर’ म्हणणारे सगळे उदारमतवादी असतात, हा समज त्यांच्यामुळे ढासळला.

मधले मार्ग

प्रकटीकरणातील सातव्या कर्ण्याचा नाद सप्तकाच्या मध्यावर होतो, असे धरून रॅप्चर तेथे ठेवणारा एक पक्ष आहे. आज त्याचे अनुयायी थोडे आहेत. १९९० साली मार्विन रोझेंथाल यांनी पुस्तकरूपाने आणखी एक मत मांडले: ख्रिस्तविरोधकाचा छळ मंडळी सोसेल, परंतु त्यानंतर सूर्यचंद्र काळवंडल्यावर देवाचा क्रोध सुरू होण्याच्या थोडे आधी ती उचलली जाईल. दोन्ही बाजूंची भक्कम वचने सांभाळण्याचा हा प्रयत्न आहे.

जागरूक विश्वासणारेच आधी उचलले जातील आणि बाकीचे संकटातून तावून सुलाखून निघतील, असेही एक मत एकोणिसाव्या शतकापासून आहे. चीनमधील मंडळ्यांचे नेते वॉचमन नी हे या मताचे होते. १९५२ साली त्यांना अटक झाली आणि १९७२ साली कैदेतच त्यांचा मृत्यू झाला. महासंकट येईल तेव्हा येईल. त्यांच्या वाट्याला आलेली वीस वर्षे कोणत्याही तक्त्यात बसत नव्हती.

तळाशी असलेला प्रश्न

आता दानीएलाच्या पुस्तकातील त्या फटीकडे वळू. एकोणसत्तराव्या सप्तकानंतर घड्याळ थांबले, असे मानायला कारण काय? डार्बींच्या परंपरेचे उत्तर असे की ही सप्तके इस्राएलासाठी आहेत. इस्राएलाने मसीहाला नाकारल्यावर त्याच्याशी चाललेला देवाचा व्यवहार स्थगित झाला आणि मधल्या काळात मंडळी हा नवा समुदाय निर्माण झाला. सत्तरावे सप्तक पुन्हा इस्राएलासाठीच असल्यामुळे त्याआधी मंडळी रंगमंचावरून जाणे ओघानेच येते. म्हणजे संकटाआधीचे रॅप्चर या मांडणीत एखाद्या सुट्या वचनातून आलेले नाही. इस्राएल आणि मंडळी हे दोन वेगळे लोक, या पायावर ते उभे आहे.

तो पाया ज्यांना मान्य नाही, त्यांना मंडळीने सत्तराव्या सप्तकाआधी जाण्याची गरजच दिसत नाही. इफिसकरांस पत्रात ख्रिस्ताने यहुदी आणि परराष्ट्रीय यांच्यामधील भिंत पाडून एकच नवा मनुष्य निर्माण केला, असे म्हटले आहे. रोमकरांस पत्रात परराष्ट्रीयांना इस्राएलाच्या जैतुनाच्या झाडावर कलम केल्याचे आहे. लोक एकच असतील, तर मत्तयातील ‘निवडलेले’ म्हणजे मंडळीच, आणि संकटातून जाणारेही तेच. ‘आधी’वाले मात्र तेच ‘निवडलेले’ इस्राएलातले मानतात. वचन एकच असून दोन अर्थ निघतात ते वाचणाऱ्याने इस्राएलाविषयी आधीच काय ठरवले आहे त्यावरून, आणि म्हणून केवळ वचने एकमेकांवर फेकून हा वाद मिटत नाही.

‘हे मत दोनशे वर्षांपूर्वीचे, मग ते खोटेच नाही का?’

हा आक्षेप नेहमी घेतला जातो. दुसऱ्या शतकातील लेखकांपासून पुढे जेथे जेथे हा विषय येतो, तेथे मंडळी ख्रिस्तविरोधकाला तोंड देईल, असेच सहसा गृहीत धरलेले दिसते. इरेनियस या बिशपचे लिखाण आणि ‘दिदाखे’ ही आरंभीच्या मंडळीची शिकवण-पुस्तिका ही त्याची ठळक उदाहरणे. परंतु मत नवे आहे एवढ्यावरून ते चूक ठरत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी हा निकष स्वतःला लावला, तर त्यांची पंचाईत होईल. नवे मत मांडणाऱ्याने जास्त भक्कम पुरावा द्यावा, एवढी मागणी मात्र योग्य आहे. डार्बींनी ही कल्पना स्कॉटलंडमधील मार्गारेट मॅक्डोनाल्ड या तरुणीच्या १८३०मधील दर्शनातून उचलली, असे जे सांगितले जाते, त्याला आधार कच्चा आहे. तिच्या दर्शनाचा जो मजकूर उपलब्ध आहे, त्यात मंडळीची परीक्षा होईल अशीच भाषा आहे.

‘शेतातील दोघांपैकी एक घेतला जाईल, हे तर स्पष्टच आहे ना?’

रॅप्चरवरील चित्रांमध्ये हे दृश्य हमखास असते: शेतात दोघे जण, एक गायब, दुसरा थक्क. आधार आहे मत्तय २४:४०चा. परंतु त्याच्या लगेच आधी येशू नोहाच्या काळाचे उदाहरण देतो. त्या काळचे लोक खातपीत होते, लग्ने करत होते, आणि जलप्रलयाने सर्वांना वाहून नेले. तेथे नेले गेले ते बुडालेले. मागे उरला तो नोहा. त्यामुळे शेतातून ‘घेतलेला’ माणूस न्यायासाठी घेतलेला असण्याची शक्यता मोठी आहे. संकटाआधीच्या रॅप्चरचे डॅलसमधील नामवंत पुरस्कर्ते जॉन वॉल्वूर्ड यांनीही या वचनाचा असाच अर्थ लावला होता, ही गोष्ट चित्रे काढणाऱ्यांपर्यंत पोहोचलेली दिसत नाही.

‘मग तारखा सांगणारे पुन्हा पुन्हा का उगवतात?’

१८४४ साली अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या हजारो अनुयायांनी २२ ऑक्टोबरला ख्रिस्ताच्या येण्याची वाट पाहिली. एडगर व्हिझनंट यांनी १९८८च्या सप्टेंबरसाठी अठ्ठ्याऐंशी कारणे दिली. दक्षिण कोरियात २८ ऑक्टोबर १९९२ ही तारीख सांगणाऱ्या पंथाचा प्रमुख अनुयायांच्या पैशांच्या अफरातफरीत तुरुंगात गेला. हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ची तारीख सांगितली, ती हुकल्यावर ऑक्टोबर धरला, आणि पुढच्या वर्षी आपण चुकल्याचे कबूल केले. मिलर तर डार्बींच्या मताचे नव्हतेच. तेव्हा तारखांचे खापर एकाच पक्षावर फोडता येत नाही. तरीही ‘कोणत्याही क्षणी’ ही शिकवण सतत कानांवर पडत राहिली की तो क्षण हुडकून काढण्याचा मोह वाढतो, असे मला वाटते. व्हिझनंट यांची पळवाट पाहण्यासारखी होती: दिवस आणि घटका ठाऊक नाही असे वचन आहे, आठवडा ठाऊक नाही असे नाही!

याचा प्रत्यक्षात काय परिणाम होतो?

इस्राएल हे वेगळे लोक आणि त्यांना दिलेली भूमीची वचने अजून पुरी व्हायची आहेत, असे मानणाऱ्याला १९४८मधील इस्राएल राष्ट्राची स्थापना आणि १९६७मध्ये जेरुसलेमच्या जुन्या शहरावर आलेला त्याचा ताबा या घटना भविष्यवाणीच्या खुणा वाटतात. अमेरिकेतील मोठ्या ख्रिस्ती मतदारवर्गाचा इस्राएलला असलेला पाठिंबा काही अंशी येथून येतो. काही अंशीच, कारण त्याला इतर राजकीय कारणेही आहेत. पॅलेस्टाइनमधील ख्रिस्ती लोक या धर्मशास्त्राला कडाडून विरोध करतात, ही बाजू आपल्याकडील बातम्यांमध्ये क्वचितच येते.

अमेरिकेतही एकमत नाही. लाइफवे रिसर्च या संस्थेने २०१६मध्ये तेथील प्रॉटेस्टंट पाळकांना हा प्रश्न विचारला, तेव्हा ३६ टक्क्यांनी महासंकटाच्या आधी असे उत्तर दिले, १८ टक्क्यांनी नंतर असे, आणि २५ टक्क्यांनी रॅप्चर अक्षरशः घ्यायचे नाही असे सांगितले. २०१९ साली तेथील इव्हॅन्जेलिकल फ्री चर्चने आपल्या श्रद्धाविधानातून हजार वर्षांच्या राज्याच्या विशिष्ट मताची अटच काढून टाकली. ख्रिस्ताचे पुनरागमन ‘गौरवी’ असेल, एवढेच म्हणणे तिने पुरेसे मानले.

महाराष्ट्रातील चित्र मंडळीगणिक बदलते. वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये किंवा १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या उपासनेत जो मतांगिकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हटला जातो, त्यात ख्रिस्त जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यास येणार आहे, एवढेच आहे. आधी-नंतरचा विषय त्यात नाही. ब्रदरेन मंडळ्यांना हे मत डार्बींच्या वारशातून मिळालेले आहे, आणि असेम्ब्लीज ऑफ गॉडच्या अमेरिकेतील मूळ संघटनेची अधिकृत भूमिकाही ‘आधी’चीच आहे. त्यामुळे एकाच कुटुंबातील दोन बहिणी लग्नानंतर दोन निरनिराळ्या मंडळ्यांत गेल्या, तर एकीच्या मुलाला रविवारच्या शाळेत सात वर्षांचा तक्ता पाठ असतो आणि दुसरीच्या मुलाने तो शब्दही ऐकलेला नसतो. पुढची तारीख व्हॉट्सअपवर येईल तेव्हा पहिला मुलगा घाबरून प्रश्न विचारील, आणि त्याला उत्तर देताना पाळकाने थेस्सलनीकाच्या पत्रातील उताऱ्याचे शेवटचे वाक्य आधी वाचून दाखवले, तर बरेचसे काम तेथेच होईल.